सँडहर्स्ट रोडवरचा सँडहर्स्ट

मशीद बंदर सोडून गाडी पुढे निघाली, की मिनिटा-दोन मिनिटांत सँडहर्स्ट रोड येते. खालून मेन लाइन, डोक्यावरून हार्बर, बाजूला डोंगरीची दाट वस्ती. रोज हजारो माणसे इथे चढतात, उतरतात. बोली भाषेत या नावाचे कधी संडास रोड झाले, कधी सँडस रोड. पण हे नाव कोणाचे, हे विचारले तर बहुतेक जण इंग्लंडमधल्या लष्करी अकादमीकडे बोट दाखवतील. अकादमीचा आणि या नावाचा गावापुरता संबंध आहे, हे खरे. दोन्ही नावे बर्कशायर परगण्यातल्या एकाच गावावरून आली. पण आपल्या रस्त्याला आणि स्थानकाला नाव दिले गेले ते एका हाडामांसाच्या माणसाचे. विल्यम मॅन्सफिल्ड, दुसरे बॅरन सँडहर्स्ट. १८९५ ते १९०० अशी पाच वर्षे ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. प्लेग, दुष्काळ, रँडचा खून, टिळकांवरचा पहिला राजद्रोहाचा खटला, चापेकर बंधूंची फाशी, हाफकिनची लस आणि गिरगावापासून दादर-माटुंग्यापर्यंत शहराचा चेहरा बदलणारा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, हे सारे याच पाच वर्षांत घडले. मुंबईच्या इतिहासात इतक्या घटना वाट्याला आलेला गव्हर्नर दुसरा शोधावा लागेल. आणि इतका विसरला गेलेलाही.

२०२४ साली महाराष्ट्र सरकारने मुंबईतल्या काही स्थानकांची इंग्रजी नावे बदलण्याचा निर्णय घेतला. करी रोडचे लालबाग, चर्नी रोडचे गिरगाव, तसे सँडहर्स्ट रोडचे डोंगरी करावे असे ठरले. नाव जावे की राहावे हा वाद आपण बाजूला ठेवू. पण ज्याचे नाव पुसायचे, तो माणूस कोण होता एवढे तरी जाणून घ्यायला हरकत नसावी.

सेनापतीचा मुलगा

सँडहर्स्ट घराण्याचे हिंदुस्थानशी नाते जुने. विल्यमचे वडील, सर विल्यम रोझ मॅन्सफिल्ड, १८५७ च्या उठावात सर कॉलिन कॅम्पबेल यांचे चीफ ऑफ स्टाफ होते. लखनौची लढाई ज्यांच्या आखणीने लढली गेली, त्यांत त्यांचा वाटा मोठा. पुढे १८६० ते १८६५ ते मुंबईच्या फौजेचे सरसेनापती झाले आणि त्यानंतर १८७० पर्यंत साऱ्या हिंदुस्थानचे. १८७१ मध्ये त्यांना बॅरन ही पदवी मिळाली, आणि सँडहर्स्ट हे नाव घराण्याला चिकटले. म्हणजे मुलगा गव्हर्नर म्हणून आला, त्याच्या तीस वर्षे आधी बापाने याच शहरातून फौज हाकली होती.

विल्यमचा जन्म २१ ऑगस्ट १८५५ चा. शिक्षण रग्बी या नामांकित शाळेत. मग त्या काळच्या रीतीप्रमाणे सरदारपुत्र थेट फौजेत, तेही राजघराण्याच्या खास दिमतीच्या कोल्डस्ट्रीम गार्ड्समध्ये. १८७६ मध्ये वडील वारले आणि जेमतेम विशीतल्या या लेफ्टनंटच्या नावापुढे लॉर्ड लागले. तीन वर्षांनी त्याने फौज सोडली. पुढचे आयुष्य उमरावांच्या सभागृहात आणि दरबारात जायचे होते.

या घरात एक विलक्षण व्यक्ती होती, ती म्हणजे विल्यमची आई. मार्गारेट, लेडी सँडहर्स्ट. सेनापतीची विधवा म्हणून उरलेले आयुष्य बागेत आणि चर्चमध्ये घालवणाऱ्यातली ती नव्हती. ती अपंग मुलांसाठी संस्था चालवी, आयर्लंडच्या स्वराज्याच्या बाजूने सभा गाजवी आणि बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून झगडे. १८८९ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलची पहिलीच निवडणूक झाली. लेडी सँडहर्स्ट ब्रिक्स्टनमधून उभी राहिली आणि निवडूनही आली. पराभूत उमेदवार कोर्टात गेला. बाईमाणसाला असे निवडून येण्याचा अधिकारच कायद्यात नाही, असा निकाल कोर्टाने दिला आणि तिची जागा त्या पराभूत गृहस्थाला मिळाली. तीन वर्षांनी, १८९२ मध्ये, ती वारली. कायदा माणसावर कसा अन्याय करू शकतो, याचा धडा विल्यमला परदेशात जाऊन शिकण्याची गरज नव्हती. तो घरातच मिळाला होता. मुंबईत तो त्याला कितपत आठवला, हा प्रश्न पुढे पुन:पुन्हा मनात येतो.

१८८१ मध्ये विल्यमचे लग्न झाले ते लेडी व्हिक्टोरिया स्पेन्सर हिच्याशी. स्पेन्सर म्हणजे इंग्लंडमधले अव्वल घराणे. शंभर वर्षांनी याच घराण्यातली डायना राजवाड्यात सून म्हणून गेली. व्हिक्टोरिया ही डायनाच्या पणजोबांची सख्खी बहीण. ग्लॅडस्टनच्या लिबरल पक्षात स्पेन्सर मंडळींचा दबदबा मोठा होता. जावईबापूही त्याच पक्षाचे. ग्लॅडस्टनच्या कारकिर्दीत त्यांना आधी दरबारी पद मिळाले, मग १८८६ मध्ये आणि पुन्हा १८९२ पासून युद्धखात्याचे उपमंत्रिपद. आयर्लंडला स्वराज्य देण्याच्या प्रश्नावर पक्ष फुटला, अनेक उमराव पलीकडे गेले, पण सँडहर्स्ट ग्लॅडस्टनसोबत राहिले. लिबरल, सुसंस्कृत, कामसू, फारसा बोलबाला न करणारा असा हा उमराव. १८९५ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याने लॉर्ड हॅरिसकडून मुंबईचा कारभार हाती घेतला.

मांडवीतला ताप

तेव्हाची मुंबई ऐश्वर्याच्या शिखरावर होती. १८९१ च्या खानेसुमारीत तिची वस्ती ८,२१,७६४ भरली होती. परळ, लालबाग, चिंचपोकळीच्या आकाशात गिरण्यांची धुराडी उभी राहिली होती. बोरीबंदरचे टोलेजंग स्टेशन आणि त्यासमोरची पालिकेची नवी इमारत पाहून पाहुणे थक्क होत. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीतला सार्वजनिक गणपती तीन वर्षांचा झाला होता. पण या झगमगाटाच्या पाठीमागे मांडवी, डोंगरी, कामाठीपुरा, भुलेश्वर इथल्या घरांत दिवसाही दिवा लावावा लागे. एका खोलीत दहा-दहा माणसे, खाली धान्याची कोठारे, कोठारांत उंदीर, आणि गटारे तुंबलेली.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी मांडवीतल्या एका रुग्णाच्या दुखण्याचे निदान केले. गाठीचा ताप. प्लेग. सुरुवातीला अनेकांना ते पटेना. पटले तेव्हा उशीर झाला होता. रोगजंतू दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. उंदरावरची पिसू हा रोग वाहून आणते, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने सिद्ध केले ते १८९८ मध्ये, तेही मुंबई इलाख्यातल्याच कराचीत. आणि त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास बसायला आणखी काही वर्षे गेली. तोपर्यंत सरकार जे करत होते ते अंधारात चाचपडणे होते. घाण, कोंदट हवा आणि गर्दी यांतच रोग आहे असे मानून गटारे धुतली गेली, घरांना चुना फासला गेला, कार्बोलिक ॲसिडचे पिंपावर पिंप ओतले गेले, भिंती फोडून उजेडाला वाट केली गेली. त्यात उंदीर एका घरातून निघून दुसऱ्या घरात गेले असतील, तर नवल नाही.

लोक पळत सुटले. कोकणची गलबते, देशावर जाणाऱ्या गाड्या भरभरून वाहू लागल्या. १८९७ चा फेब्रुवारी संपेपर्यंत शहर जवळजवळ निम्मे रिकामे झाले होते. गिरण्यांना माणूस मिळेना. नाक्यानाक्यावर मालकांची माणसे उभी राहून कामगारांना रोजच्या रोज वाढीव मजुरीची बोली देऊ लागली. गिरणगावाच्या इतिहासात कामगाराची किंमत अशी चढलेली तेव्हा पहिल्यांदाच दिसली, आणि ती चढली मरणामुळे.

ऑक्टोबर १८९६ मध्येच पालिका आयुक्त स्नो यांनी रोग्यांना जबरीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम काढला होता. इस्पितळ म्हणजे मृत्यू, ही लोकांची समजूत. आणि आकडे पाहता ती अगदी खोटीही नव्हती. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच. सरकारने पाऊल तेवढ्यापुरते मागे घेतले. पण युरोपला धास्ती बसली होती. हिंदुस्थानातली जहाजे आपल्या बंदरांत येऊ द्यायची की नाही, यावर व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. व्यापार थांबला तर साम्राज्याच्या तिजोरीला खिंडार पडणार होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी कलकत्त्यात साथरोगाचा कायदा मंजूर झाला. जेमतेम चार कलमांचा, पण सरकारला हवे ते करण्याची मुभा देणारा. मुंबई इलाख्यात तो राबवायची जबाबदारी अर्थातच लॉर्ड सँडहर्स्टवर आली.

पुण्यातली ती रात्र

मुंबईत मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकर या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती प्लेग कमिटी सोपवण्यात आली. पुण्यात हे काम वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याकडे गेले. पुण्यात घरोघरी झडतीला गोरे शिपाई पाठवले गेले. सोवळ्या-ओवळ्याच्या, देवघराच्या, माजघराच्या कल्पना बुटाखाली तुडवल्या गेल्या. सामान रस्त्यावर आले, काही जाळले गेले. बायकांची तपासणी उघड्यावर झाल्याच्या तक्रारी आल्या. शिपाई वागले कसे, याबद्दल सरकारी अहवाल आणि पुणेकरांची आठवण यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण फौजेला माजघरात शिरवण्याचा निर्णय सरकारचा होता, आणि सरकारच्या डोक्यावर सँडहर्स्ट होते. ते स्वतः जुने फौजी. संकट आले की शिस्त, हुकूम आणि कवायत, हेच औषध त्यांना ठाऊक असावे.

याच मार्चमध्ये, १० तारखेला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच लागण झाली. सरकारची सारी यंत्रणा एकीकडे आणि आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखाना गाठणारी ही पासष्टीची बाई दुसरीकडे. प्लेगाशी कसे लढावे, याचा त्या वर्षीचा खरा धडा तिनेच दिला.

त्या वर्षी दुष्काळही होताच. शेतसारा माफ करावा, दुष्काळी कायद्यातले हक्क रयतेला समजावेत, म्हणून सार्वजनिक सभेची माणसे गावोगाव हिंडत होती. सँडहर्स्टच्या सरकारने १८९७ मध्ये सभेची सरकारमान्यताच काढून घेतली. आयरिश शेतकऱ्यांबद्दल कळवळा असलेल्या पक्षातला हा माणूस, पण ठाणे, कुलाबा, सातारच्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे मांडणारी संस्था त्याला डोईजड झाली.

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षे पूर्ण झाली, त्याचा सोहळा. पुण्यात गणेशखिंडीच्या गव्हर्नर बंगल्यावर, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या आवारात, रोषणाई आणि मेजवानी होती. यजमान अर्थातच लॉर्ड आणि लेडी सँडहर्स्ट. मध्यरात्रीच्या सुमारास पाहुण्यांच्या बग्ग्या बाहेर पडू लागल्या. अंधारात दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर वाट पाहत होते. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मरण पावला. गव्हर्नरच्या पंगतीतून उठलेले दोन पाहुणे घरी पोचले नाहीत.

त्यानंतर सरकारचा तोल गेला. मारेकऱ्यांचा पत्ता देणाऱ्याला वीस हजारांचे बक्षीस जाहीर झाले. पुण्यावर जादा पोलीस बसवून त्याचा खर्च पुणेकरांच्याच माथी मारला. सरदार नातू बंधूंना १८२७ च्या एका जुनाट रेग्युलेशनखाली, कसलाही खटला न चालवता, तुरुंगात टाकले. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. शिपायांच्या वर्तनाबद्दल पुण्याहून पत्रांतून कळलेले आरोप त्यांनी तिथे जाहीरपणे मांडले. परतल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. आपल्या पत्रलेखकांची नावे त्यांनी सांगितली नाहीत. गव्हर्नरची आणि फौजेची जाहीर माफी मागितली आणि स्वकीयांचे शिव्याशाप झेलले. हेच गोखले दोन वर्षांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून आले.

सर्वांत मोठा घाव टिळकांवर पडला. २७ जुलैला त्यांना मुंबईत अटक झाली. केसरीतल्या शिवाजी उत्सवाच्या मजकुरावर राजद्रोहाचा खटला भरण्याची परवानगी सँडहर्स्टच्या सरकारने दिली. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला, पण हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी आणि तिघा देशी ज्यूरींनी निर्दोष ठरवले. १४ सप्टेंबरला अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. गव्हर्नरला वाटले असेल की पुण्याचे तोंड बंद झाले. प्रत्यक्षात त्याने एका प्रांताच्या पुढाऱ्याला अवघ्या देशाचा पुढारी करून टाकले. टिळक सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले तेव्हा त्यांच्या नावामागे लोकमान्य लागण्याची तयारी झालेली होती. दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजी फासावर गेले. मे १८९९ मध्ये वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण अवघ्या पाच दिवसांत एकामागून एक गेले. एका आईच्या तीन मुलांना फाशी देणारा गव्हर्नर, अशीच सँडहर्स्टची आठवण महाराष्ट्राने ठेवली असती, तर त्यात चूक काही नव्हते.

माघार, आणि एक रिकामा बंगला

पण माणूस एवढ्यावर संपत नाही. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्यात भडका उडाला. उत्तरेतून आलेल्या मुसलमान विणकरांच्या, जुलाह्यांच्या वस्तीत बारा वर्षांच्या एका आजारी मुलीला तपासून न्यायला पथक आले. घरच्यांनी नकार दिला, जमाव जमला, दगडफेक झाली, गोळीबार झाला. काही युरोपियनही मारले गेले. पाठोपाठ गाडीवान आणि गोदी कामगार संपावर गेले. हिंदू, मुसलमान, गिरणगाव, बंदर, सगळीकडून एकच सूर येत होता.

या वेळी सरकारने पुण्यासारखा हेका धरला नाही. जबरदस्तीची झडती सैल झाली. घरातच रोग्याला वेगळे ठेवायला परवानगी मिळाली. त्या त्या जातीजमातीला आपापली इस्पितळे चालवू दिली. वस्तीतल्या मानाच्या माणसांना मदतीला घेतले. डॉ. भालचंद्र कृष्ण भाटवडेकर यांच्यासारख्या देशी डॉक्टरांचा शब्द शिपायाच्या बुटापेक्षा जास्त चालतो, हे सरकारला कळून चुकले. दीड वर्ष, दोन खून आणि एक दंगल, एवढी त्या शहाणपणाची किंमत होती. पण उशिरा का होईना, सँडहर्स्टचे सरकार शिकले. पुष्कळ सरकारे तेवढेही शिकत नाहीत.

आणि मग परळ. परळचा गव्हर्नर बंगला म्हणजे एके काळचा ख्रिस्ती पाद्र्यांचा मठ. अठराव्या शतकापासून तो गव्हर्नरांचे निवासस्थान होता. १८७५ मध्ये युवराज एडवर्ड इथेच उतरला होता. पण भोवती गिरण्या उठल्या, वस्ती वाढली, आणि १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी याच बंगल्यात पटकीने वारल्या. त्यानंतर गव्हर्नरांनी बिऱ्हाड मलबार पॉइंटला हलवले आणि परळचा बंगला ओस पडला. प्लेगच्या काळात त्याचे इस्पितळ झाले.

इकडे वाल्देमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ पासून ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग झाले. सरकारी डॉक्टरांतले अनेक जण या परक्या, वैद्यकीची पदवी नसलेल्या माणसाकडे संशयाने पाहत. त्याची प्रयोगशाळा एका जागेतून दुसऱ्या जागेत हिंडत राहिली. आगाखानांनी त्याला आपली वास्तू वापरायला दिली आणि आपल्या खोजा अनुयायांना टोचून घ्यायला लावले. अखेर सरकारने परळचा बंगला हाफकिनच्या स्वाधीन केला. १० ऑगस्ट १८९९ रोजी लॉर्ड सँडहर्स्टने तिथे प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. ज्या दालनात गव्हर्नरांचे नाच आणि मेजवान्या झाल्या, तिथे लशीच्या बाटल्यांच्या रांगा लागल्या. देशभर आणि परदेशांतही इथून लस गेली. १९२५ मध्ये तिचे नाव हाफकिन इन्स्टिट्यूट झाले. केईएम आणि टाटा रुग्णालयांच्या परिसरात जाणाऱ्या आजच्या परळकराला ही वास्तू झाडांआड दिसते. एका गव्हर्नरने आपला वाडा शास्त्रज्ञाला दिला, हे सँडहर्स्टच्या खात्यावर जमेच्या बाजूला लिहावेच लागेल.

शहर कापणारा रस्ता

त्यांचे तिसरे काम सर्वांत लांबवर टिकले. मुंबईच्या कोंदट वस्त्या फोडून हवा खेळती करायची, नवे रस्ते काढायचे, गरिबांसाठी चाळी बांधायच्या आणि उत्तरेकडे नवी वसाहत उभारायची, अशी योजना त्यांनी पुढे आणली. १८९८ च्या कायद्याने सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. फिरोजशहा मेहतांसारख्यांना तो रुचला नाही. लोकांनी निवडलेली पालिका असताना तिच्या डोक्यावर सरकारनियुक्त माणसांचे वर्चस्व असलेले मंडळ कशाला, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. पण प्लेगाने घाबरलेल्या सरकारला लोकनियुक्त सभेतल्या वादांना वेळ नव्हता.

ट्रस्टने गिरगाव चौपाटीकडून डोंगरीकडे जाणारा रुंद रस्ता काढला. समुद्राचा पश्चिम वारा शहराच्या पोटात शिरावा, ही कल्पना. वाटेत आलेली घरे पाडली गेली. १९१० मध्ये तो रस्ता खुला झाला आणि त्याला सँडहर्स्टचे नाव मिळाले. पाडापाडीचा वेग बांधकामापेक्षा मोठा राहिला. ज्यांची घरे गेली ते गरीब शेजारच्याच गल्ल्यांत आणखी दाटीने राहू लागले आणि भाडी चढली. शहर सुधारायचे तर आधी गरिबाला हलवायचे, ही रीत मुंबईत तेव्हा रुजली. ती अजून उपटली गेलेली नाही.

रस्त्याचे नशीब मात्र बांधणाऱ्याच्या हाती नसते. याच सँडहर्स्ट रोडवर विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाची इमारत उभी राहिली. १९४० च्या दशकात कम्युनिस्ट पक्षाचे मध्यवर्ती कार्यालय याच रस्त्यावर होते, आणि त्या इमारतीचे नाव होते राजभुवन. लाटसाहेबांच्या नावाच्या रस्त्यावर, राजभुवनात, लाल झेंडा. स्वातंत्र्यानंतर रस्त्याला सरदार वल्लभभाई पटेलांचे नाव मिळाले. जुने नाव फक्त स्थानकाला उरले.

दरबारातली अखेर

१७ फेब्रुवारी १९०० रोजी सँडहर्स्टनी लॉर्ड नॉर्थकोट यांच्याकडे कारभार सोपवला. जाताना इलाख्यात छप्पनियाचा भीषण दुष्काळ होता आणि प्लेग हटलेला नव्हता. १९०१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ७,७६,००६ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा पंचेचाळीस हजारांनी कमी.

१९०६ मध्ये व्हिक्टोरिया गेली. तीन वर्षांनी सँडहर्स्टनी एलिनॉरशी लग्न केले. ती कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांची मुलगी आणि विधवा होती. १९१२ मध्ये ते राजवाड्याचे लॉर्ड चेंबरलेन झाले. ही जागा त्यांनी घेतली ती आपल्याच मेव्हण्याकडून. लंडनच्या रंगभूमीवर कोणते नाटक व्हावे आणि कोणते होऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार या पदाकडे असे. केसरीवर खटला भरणारे सँडहर्स्ट आता नाटके तपासू लागले. गंमत म्हणजे, इब्सेनचे अनेक वर्षे बंदी असलेले गोस्ट्स हे नाटक १९१४ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत मोकळे झाले. १९१७ मध्ये ते व्हायकाउंट झाले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळाचा कारभारही त्यांनी बरीच वर्षे पाहिला. २ नोव्हेंबर १९२१ रोजी पदावर असतानाच ते वारले. मूल नव्हते, त्यामुळे नवी पदवी त्यांच्याबरोबर संपली आणि जुनी भावाकडे गेली.

त्यानंतर पंधराच दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, त्याच दरबाराचा युवराज अपोलो बंदरावर उतरला. त्या दिवशी परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत विलायती कपड्यांची होळी पेटली आणि शहरात दंगल उसळली. सँडहर्स्टच्या वेळची मुंबई आता कोणाचे ऐकणारी राहिली नव्हती.

मग या माणसाचा हिशेब कसा मांडायचा? तो क्रूर नव्हता. क्रूर माणसाचा न्याय करणे सोपे असते. तो सज्जन होता, कामसू होता, उदारमतवादी होता, आणि तरीही त्याच्या सहीने माजघरांत फौज शिरली, संपादक तुरुंगात गेला, बिनखटल्याची कैद झाली. ज्या लोकांवर राज्य करायचे त्यांना विचारायची सवयच जिथे नाही, तिथे चांगला माणूसही घाबरला की पहिल्यांदा हुकूम काढतो. मदनपुऱ्यानंतर त्याने लोकांना विचारले, तेव्हा काम सुधारले. १८९७ चा तो कायदा स्वतंत्र भारतानेही जपून ठेवला. मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा महाराष्ट्राने तोच बाहेर काढला, आणि मुंबईतले पहिले रुग्ण नेले गेले ते त्याच आर्थर रोडवरच्या कस्तुरबा रुग्णालयात. तेव्हाही घरे सील झाली, माणसे गावाकडे चालत निघाली. हुकूम आणि विश्वास यांतले अंतर एकशे तेवीस वर्षांनीही आपल्याला पुरते पार करता आलेले नव्हते.

आणि ट्रस्ट? १९३३ मध्ये तो पालिकेत विलीन झाला, पण त्याच्या चाळी उभ्याच राहिल्या. परळच्या पोयबावडीला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या एक नंबर चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत भीमराव रामजी आंबेडकर नावाचा तरुण सुमारे दोन दशके राहिला. प्लेगाच्या भीतीने बांधलेल्या, उजेड आणि हवा यांचे माप घेऊन आखलेल्या त्या खोल्यांत, गिरणी कामगारांच्या शेजारात, रमाबाईंच्या संसारात, त्याचा अभ्यास आणि चळवळ चालली. पुढे बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत, म्हणजे त्याच ट्रस्टने आखलेल्या दादर-माटुंगा वसाहतीत. पुस्तकांसाठी घर बांधणाऱ्या या माणसाने पुढे राज्यघटना लिहिली, आणि तिने प्रत्येक बाईला निवडून येण्याचा हक्क पहिल्याच दिवशी दिला. ब्रिक्स्टनच्या लेडी सँडहर्स्टला जे कोर्टाने नाकारले, ते तिच्या मुलाच्या ट्रस्टच्या चाळीत राहिलेल्या एका महाराने कोट्यवधी बायकांना देऊन टाकले.